अख्खा श्रावण

दरवर्षी श्रावणात मी दारू सोडत असे आणि दरवर्षी भाद्रपदात ती मला पुन्हा सापडत असे.

लोणावळ्याच्या स्टेशनवर मी पार्सल हापिसात कारकून होतो. सगळे मला दामूअण्णा म्हणत. घाट उतरण्याआधी गाड्या इथे बराच वेळ थांबत, आणि मी स्टेशनामागच्या गुत्त्यात गाड्यांपेक्षा जास्त वेळ थांबत असे. पण कुणी दारुडा म्हटलं की माझं उत्तर तयार असे. "अहो, मी श्रावण पाळतो! अख्खा! दारुड्याला जमेल का हे?" प्रश्न बिनतोड होता. समोरचा गप्प बसे. (तो गप्प का बसे हे मला फार उशिरा कळलं. माझ्याशी वाद घालायचा तर जवळ उभं राहावं लागे, आणि माझा वास सोसण्याची ताकद फार थोड्यांत होती.)

श्रावण मी पाळायचो हे खरं. कसा पाळायचो ते माझ्या बायकोला, यमुनेला विचारा. पहिल्या आठवड्यात हात असे थरथरायचे की कपबशी आपोआप वाजायची. मी म्हणायचो, "लोणावळ्याची हवाच दमट!" दुसऱ्या आठवड्यात आमटीत मीठ जास्त म्हणून भांडण, तिसऱ्यात कमी म्हणून, आणि चौथ्यात मीठ अगदी बरोबर पडलं म्हणून! ती एकदा शांतपणे म्हणाली, "तुमच्या श्रावणापेक्षा तुमचा आषाढ परवडला." मला तो विनोद वाटला. मी तो हापिसात चार जणांना सांगितलासुद्धा.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास मी आमच्या कुशीला तिच्या आजोळी, तळेगावला पोचवायला निघालो. कुशी सात वर्षांची. गाडीला अवकाश होता. तिला फलाटावरच्या बाकावर बसवलं, आजीसाठी दिलेल्या लाडवांचं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "हे सांभाळ. हलू नकोस. हा आलोच." तळेगावच्या दोन गाड्या निघून गेल्या. शेवटी औंढ्याचा आमचा गवळी भिकाजी रिकाम्या चरव्या घेऊन तिथून चालला होता, त्याने तिला ओळखलं आणि घरी पोचवलं. वाटेत त्याने गाठोडं घ्यायला हात पुढे केला तर तिने दिलं नाही. "बाबांनी सांभाळायला सांगितलंय," म्हणाली. या गोष्टीत विनोद नाही. मी पुष्कळ शोधला.

दुसऱ्या दिवशी यमुना कुशीला घेऊन माहेरी गेली ती आषाढात परतली. परतली तीही दारात उभी राहून, अट घालूनच.

"या श्रावणात एक थेंब चालायचा नाही. घेतलात, की मी पोरीला घेऊन तळेगावला. मग बोलवायला येऊ नका."

"एवढंच?" मला हसूच आलं. "अगं, दरवर्षी पाळतो की!"

"यंदाचा अख्खा पाळायचा, हं."

"अख्खा!"

"बघा. लांब आहे."

"तीस दिवसांना कसलं लांब म्हणतेस?"

ती जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने बघते आहे.

आषाढी अमावास्येला मी गटारी साजरी केली (ती कशी, ते मला आठवत नाही, म्हणजे चांगली झाली असावी) आणि दुसऱ्या दिवसापासून दारामागे कोळशाने रेघ ओढायला सुरुवात केली. रोज एक रेघ. पंचांग बघायची मला कधी गरज पडली नाही. बाटली सोडलेल्या माणसाइतके अचूक दिवस कुठलाच ज्योतिषी मोजत नाही.

मात्र त्या वर्षी आमच्या गावाचा धर्म पार बुडाल्यासारखा मला दिसू लागला. चौथ्याच दिवशी भिकाजी दुधाबरोबर टोपलीत खेकडे घेऊन आला.

"अण्णा, घ्या की. वढ्यातलं हायेत, ताजं."

"श्रावणात खेकडे? लाज नाही वाटत?"

भिकाजी टोपलीकडे बघायला लागला. "आमचा सरावन अजून यायचाय, अण्णा."

"तुमचा वेगळा आणि आमचा वेगळा असतो का रे?"

"आता तुमी शिकल्याली मान्सं. मी काय बोलू?" असं म्हणून तो गेला. खेड्यातल्या अज्ञानावर मी दिवसभर हळहळलो.

पाचवी रेघ ओढली, नागपंचमी! तर एका झाडाला झोका नाही. पंधरावी ओढली, नारळीपौर्णिमा! तर हापिसात कुणी नारळ फोडला नाही. मी साहेबाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. गोकुळाष्टमीला हंडी दिसली नाही. सोमवारी शंकराच्या देवळात गेलो तर गुरव एकटाच डुलक्या घेत बसलेला. मला बघून दचकला आणि विचारतो, "घरी सगळं बरं आहे ना?" आणि कहर म्हणजे हापिसातली मंडळी राजरोस गुत्त्यात जात होती! वर मलाच विचारत होती, "काय अण्णा, यंदा लवकर सुरुवात?" मी मान फिरवायचो. अख्ख्या लोणावळ्यात धर्म मी एकट्याने तोलून धरला होता.

तुम्ही विचाराल, घरात बायको होती, ती काही बोलली नाही? कशी बोलणार! तोंड उघडलं की मी खेकसत होतो. एकदा ती म्हणाली, "आईचा निरोप आलाय, या महिन्यात त्यांना..." मी ओरडलो, "या महिन्यात मला काही सांगू नका! महिना संपू द्या, मग सांगा!" ती उठून चुलीपाशी गेली. कुशी तर माझी चाहूल लागली की पाटी घेऊन शेजारी हसनभाईंच्या बिऱ्हाडात जायची. बाहेर पाऊस, आत वाळत घातलेली ओली धोतरं, त्यांच्याखाली मी आणि माझ्या रेघा. असा माझा श्रावण चालला होता.

तिसावी रेघ मी पहाटे उठून ओढली. म्हटलं, झालं! शास्त्राप्रमाणे दिवस मावळेपर्यंत थांबायला हवं होतं, पण आभाळ इतकं भरलेलं होतं की सूर्य आहे की नाही हेच कळेना. मग तो मावळला असं धरायला काय हरकत? दुपारी हापिसातून डोकं दुखतं म्हणून सुटलो आणि गुत्त्यात गेलो. महिनाभराचं राहिलेलं दोन तासांत भरून काढलं. चारच्या सुमारास मी विजयी वीरासारखा घरी निघालो. रस्ता जरा अरुंद वाटत होता, एवढंच.

घरात पाऊल टाकलं तर समोर सासरे आणि सासूबाई! माझे सासरे, तात्या, तळेगावच्या शाळेतले जुने मास्तर. अंगात हिवतापाची कणकण, तरी शालजोडी पांघरून बसलेले. मध्ये रांगोळी, रांगोळीत पाट, पाटाशेजारी पितळी ताट, ताटात अनारशांचा ढीग आणि पाटाच्या दुसऱ्या बाजूला कोरं धोतर. सासूबाईंच्या हातात ओवाळणीचं तबक. मी गहिवरलो. म्हटलं, श्रावण पुरा केल्याबद्दल माझा सत्कार करायला माणसं तापातून उठून आली!

"पाळला!" मी उंबऱ्यातूनच गर्जना केली. "तात्या, पाळला! अख्खा!"

"काय पाळलात, जावईबापू?"

"श्रावण! तीस दिवस! विश्वास नसेल तर मोजा!" आणि मी दार ओढून मागच्या रेघा दाखवल्या.

तात्या हाडाचे मास्तर. ते खरोखरच उठले, चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत मोजायला लागले. "तीस. मोजणी बरोबर आहे," ते म्हणाले. मग चष्मा काढला. "पण हा अधिक महिना. खरा श्रावण उद्यापासून लागतो."

"उद्यापासून... लागतो?"

"यंदा श्रावण दोन आहेत. अधिक आज संपतोय. महिनाभर मला तापाने उठू दिलं नाही, म्हणून तुमचं वाण शेवटच्या दिवसावर आलं. नागपंचमी झाली का यंदा, तुम्हीच सांगा."

"नाही झाली," मी म्हणालो. "मी त्याबद्दलच बोलणार होतो."

"राखी?"

"तीही नाही."

दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्यात सासरची माणसं जावयाला नारायण मानून तेहेतीस अनारशांचं वाण देतात, हे मला काय माहीत नव्हतं? लग्न झाल्यापासून दोनदा असं ताट मी घेतलं होतं. अनारसे खाल्ले होते, ढेकर दिली होती! पण तीस रेघांपलीकडे जे काही असेल ते माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

मी कुठून आलो हे विचारायची कुणाला गरजच नव्हती. खोली लहान होती आणि माझा श्वास मोठा. यमुना चुलीपाशी पाठमोरी उभी राहिली. सासूबाई बिचाऱ्या जुन्या वळणाच्या. वाण घरी परत न्यायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बसा तरी. ओवाळते."

मी नारायणाला शोभेल अशा रुबाबात बसलो. पण पाटावर नाही. ताटात!

तीन तीन दिवस तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून, गुळात मळून, खसखशीवर थापून सासूबाईंनी एकेक केलेले ते अनारसे. तेहेतीस अनारशांचा क्षणात एकच अनारसा झाला. उठायला गेलो तर ताट बरोबर उठलं. सासूबाईंच्या हातातल्या निरांजनाची ज्योत माझ्या फुत्काराने एकदम वर उसळली (असं हसनभाईंची बायको शपथेवर सांगते, ती दारात उभी होती). अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी तात्यांना म्हणालो, "तुमचं पंचांग चुकलंय."

मला वाटलं, निदान कुशी तरी हसेल. पोरं असल्या गोष्टीला हसतात. कुशी हसली नाही. तिने दोरीवरचं आपलं ओलं परकर-पोलकं काढलं, घडी केली, पाटी घेतली आणि आजीजवळ जाऊन उभी राहिली. तोपर्यंत निघायचं नाव कुणी काढलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीने ती सगळी गेली. तात्यांनी एक वेडावाकडा शब्द काढला नाही. जाताना म्हणाले, "कोरं धोतर ठेवून जातो. नेसलेलं बदला." त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

मी फार चिडलो. म्हटलं, दाखवतोच यांना! एक श्रावण पाळला तसा दुसरा पाळतो! दुसऱ्या दाराच्या मागे नव्या रेघा सुरू केल्या. एक. दोन. तीन. चार. पाचव्या दिवशी खरी नागपंचमी आली. या वेळी गावभर झोके बांधलेले, बायकापोरींची गाणी चाललेली. ती गाणी मी ऐकली आणि कुठून ऐकतोय म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर मी गुत्त्यात बसलेलो. समोर अर्धा ग्लास रिकामा. मी घरून गिरणीत जायला निघालो होतो. दळणाचा डबा शेजारी होता.

गुत्तेवाला मान खाजवत म्हणाला, "अण्णा, वाईट वाटून घिऊ नगा. पन खरा सरावन आता हाय न्हवं? आन् तुमी आताच हितं?"

मला भीती वाटली. आयुष्यात साप बघितले, घाटात दरड कोसळताना बघितली, पण इतकी भीती वाटली नव्हती. मी ठरवून आलो असतो तर काही वाटलं नसतं. मी ठरवलंच नव्हतं. माझे पायच मला घेऊन आले होते, आणि मी त्यांना विचारलंही नव्हतं, कुठे चाललात?

हसनभाई इंजिनशेडमध्ये फिटर होते. दारूला शिवत नसत. मी दळणाचा डबा घेऊन तसाच त्यांच्या दारात बसलो.

"हसनभाई, मी महिनाभर सोडू शकतो हो. हे तुम्ही बघितलंय."

"बघितलंय ना."

"मग?"

ते हात पुसत म्हणाले, "अण्णा, मी महिनाभर रोजे धरतो. दिवसभर भूक लागते, लपवून काय करू? पण ईद झाली म्हणून दुसऱ्या दिवशी मी खजूरवाल्याच्या दुकानासमोर गटारात पडलेला कधी दिसलो का तुम्हाला?"

माझं तयार उत्तर श्रावणाचं होतं. आणि बाहेर श्रावणच चालू होता.

दुसऱ्या दिवशी मी तळेगावला गेलो. तात्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. रस्ताभर पाठ केलेलं भाषण मी विसरलो आणि एवढंच तोंडातून निघालं, "तात्या, मी दारुडा आहे."

"बरं," तात्या म्हणाले. अडकित्ता चालूच. "आणखी काय?"

"आणखी काय म्हणजे? मी दारुडा आहे!"

"ते आम्हाला लग्नाच्या वर्षापासून ठाऊक आहे. तळेगावात सगळ्यांनाच ठाऊक आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मला रडू फुटलं. पावसात भिजल्यामुळे ते दिसणार नाही असं वाटलं होतं, पण हे सांगायचं धाडस होईपर्यंत अर्धा तास गेला होता आणि तोंड कोरडं झालं होतं. दाराआड बांगड्या वाजल्या.

"यमे, परत केव्हा येशील?" मी दाराला विचारलं.

"सांगणार नाही."

"निदान महिना तरी सांग."

"महिना सांगितला की तुम्ही रेघा ओढाल, आणि महिना संपला की पुढची सोय कराल. वाटेल तेव्हा येईन, न सांगता. नाहीतर येणारही नाही."

यासारखी शिक्षा दुसरी नाही. अमुक दिवस कळ काढायची, मग मोकळे, अशीच माझी सारी विद्या. ती एका वाक्यात निकामी झाली. प्रत्येक गाडीला वाटायचं, हिच्यात असतील. सकाळच्या गाडीसाठी शुद्धीत, दुपारच्या गाडीसाठी शुद्धीत. संध्याकाळी हसनभाई मला वळवणच्या तलावापर्यंत चालवत न्यायचे, कारण ती वाट गुत्त्यावरून जात नाही. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, चार दिवस अन्न पोटात ठरलं नाही. या वेळी दमट हवेचं नाव काढलं नाही. दसऱ्याला एकदा घसरलोसुद्धा, लपवत नाही. त्या दिवशी नेमके ते आले नाहीत हे माझं नशीब, आणि आले असते तर काय, या विचाराने मी पुन्हा गुत्त्याची पायरी चढलो नाही.

दिवाळीला आठवडा होता. वाटलं, सणाला येतील. सकाळी सुट्टी होती म्हणून चुना कालवला आणि जिन्यापाशी स्टुलावर चढून भिंत पांढरी करायला घेतली. स्टूल हललं. मी, स्टूल आणि चुन्याची बादली अकरा पायऱ्या बरोबर उतरलो. खाली पडलो तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. मी बोंब ठोकली.

चाळीतल्या लोकांना मला जिन्याखाली पडलेला बघायची इतकी सवय होती की कुणी थांबेना. वरच्या बिऱ्हाडातले जोशीकाका धोतर सावरून मला ओलांडून गेले. "अहो, पाय मोडला!" मी ओरडलो. "असू दे, असू दे," ते म्हणाले. एका म्हातारीने दया येऊन माझ्या तोंडावर सूप झाकलं, ऊन लागू नये म्हणून. हसनभाई नेमके कामावर! मग भिकाजी दुधाच्या चरव्या घेऊन आला.

"अण्णा, आज सकाळच्या पारीच व्हय?"

"भिकाजी, देवाशपथ घेतली नाही रे! पाय मोडलाय!"

"व्हय, व्हय. गेल्या शिमग्याला बी मोडलाच हुता," तो समजुतीने म्हणाला. "निजा वाईच. उतरंल."

आयुष्यात पहिल्यांदा मी शुद्धीत पडलो होतो आणि एक माणूस हात लावायला तयार नव्हता. इतक्यात कुणीतरी माझ्या तोंडावरचं सूप उचललं. यमुना होती. मागे कुशी. गाडीतून उतरून थेट आलेल्या. मी काही बोलणार एवढ्यात यमुना खाली वाकली. पाय बघितला नाही, कपाळ बघितलं नाही. आधी नाक माझ्या तोंडाशी आणलं आणि हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तिथेच चुन्यात बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

"वास नाही," ती म्हणाली. "अहो, खरंच वास नाही! उचला कुणीतरी!"

कुशी वाकली, तिनेही हुंगलं आणि "नाही" म्हणून मान हलवली. पण बायको आणि मुलगी म्हणजे घरचीच माणसं, त्यांच्या शब्दावर चाळ कशी भुलणार? भिकाजीने चरवी खाली ठेवली आणि वाकला. जोशीकाका जिन्यातून परत आले. म्हातारीने नाकातली तपकीर शिंकरली आणि पुढे सरसावली. वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांनी रांग लावून एकेकाने माझं तोंड हुंगलं, आणि चौदा जणांची खात्री पटल्यावर माझा पाय मोडला असं सर्वानुमते ठरलं.